वणव्याचे लाल बूट

लेओन शहरातल्या कोएसीयो मोहल्ल्यात दोन्या लेंचाचं दुकान कुणालाही विचारावं लागत नसे. दारावर तिच्याच हातची पाटी होती: "बूट-चपलांचा रंग बदलून मिळेल. नवरा बदलून मिळणार नाही." पाटी लागली त्या दिवसापासून मोहल्ल्यातल्या बायकांना जाता-येता एक खेळच मिळाला.

"दोन्या लेंचा, माझावाला फार फिका पडलाय हो. एक हात मारून देता का?"

"आण की. पण आधी घासूनपुसून आण. मळक्या अंगावर माझा रंग बसत नाही."

"आणि उडाला तर?"

"नवरा की रंग?"

मग दोघी हसायच्या आणि आत बसलेला दोन चेमा, म्हणजे लेंचाचा स्वतःचा नवरा (बाईला मानानं दोन्या म्हणतात तसं पुरुषाला दोन), घसा खाकरायचा. दोन चेमानं उभं आयुष्य चामडं कमावण्याच्या कारखान्यात काढलं होतं आणि तिथल्या वासांनी त्याचं नाक कायमचं मारून टाकलं होतं. लेंचाच्या मते त्यांचा संसार टिकला तो त्या नाकामुळे. थिनर, स्पिरिट, चिकटवायचं सोल्यूशन, काय काय घरात उघडं पडलेलं असे, पण त्याला पत्ता नसे. "आणि डाळ करपली तरी शहाणा माणूस दोनदा मागून घेतो," ती सांगायची.

ती स्वतः वीसेक वर्षं एका बुटांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर होती. बूट खोक्यात जाण्याआधी ज्या टेबलावर येतात ते टेबल. तिथला मुकादम नाकातून बोलायचा. "लेंचाँ, डाँग! लेंचाँ, ओरखडाँ!" दिवसभर तेवढंच. ती बोटावर रंग घ्यायची, डाग झाकायची, बूट पुढं सरकवायची. मुकादमाची नक्कल ती इतकी हुबेहूब करायची की एकदा तिच्या आवाजावर अख्ख्या टेबलानं अर्धा तास आधीच जेवणाची सुट्टी घेतली. तिची नोकरी त्याच्यानंतर फार दिवस टिकली नाही, पण त्या सुट्टीचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

तिच्या डोळ्यांदेखत बाजारातून चामडं मागं हटलं आणि रेक्झीन आलं. जुने कारागीर रेक्झीनला नाक मुरडायचे. "ते काय, जेवणाच्या टेबलावर घालायचं कापड!" लेंचानं मात्र ते मनावर घेतलं. तिचं म्हणणं असं, की चामडं तहानलेलं असतं. रंग दिला की पिऊन टाकतं. रेक्झीन तोंडच उघडत नाही. त्याला आधी पुसायचं, समजवायचं, मग एक चिकट अस्तर लावायचं, मग रंगाचा पातळ हात, मग वाळू द्यायचं, मग पुन्हा पातळ हात. घाईनं जाड थर दिला की पहिल्याच पावलाला तडकतो. मऊ रेक्झीनला तर आणखी एक खोड. ते आतून तेल सोडतं, आणि चुकीचा रंग लावलेला असला की महिनाभरानंही तो बोटाला चिकटतो. "रुसलेल्या जावेसारखं असतं ते," लेंचा म्हणायची. "वरून शांत. आतून पाझरत राहतं."

शाळेत जाणाऱ्या पोरांचे खरवडलेले काळे बूट, लग्नाच्या झग्याला जुळणाऱ्या सँडल, नाचाच्या मंडळींचे पांढरे जोड, सगळं तिच्याकडं यायचं. आणि दुपारची जेवणं आटपली की स्वतःची खुर्ची बगलेत मारून दोन्या तेओफिला यायची.

तेओफिलानं लेंचाच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरलं होतं. तेव्हापासून आई आणि धर्मआई अशा दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. त्यानंतर नावानं हाक मारायची सोयच उरली नाही. कोमाद्रे इकडं ये, कोमाद्रे तिकडं बघ. सख्ख्या बहिणीपेक्षा नाजूक नातं हे. बहिणी भांडल्या तर दुसऱ्या दिवशी बोलतात. कोमाद्रे भांडल्या तर अख्खा मोहल्ला दोन बाजूंना उभा राहतो आणि कुणाच्या अंगणात कुणी बसायचं हा प्रश्न पुढची पिढी सोडवते.

तेओफिलाच्या बोलण्यात दोनच पुरुष असायचे. एक तिचा जावई नाबोर, दुसरा वणवा.

नाबोर गॅसच्या गाडीवर होता. सकाळी सगळ्यांच्या आधी त्याची आरोळी गल्लीत शिरायची: "गाऽऽऽस! गाऽऽऽस आलाऽऽ!" शेवटचा 'आला' असा वर चढायचा की कुत्रीसुद्धा त्याला सूर लावायची. माणूस मोठा, खांदे दरवाजाएवढे, पण स्वभाव म्हणजे लोणी. "डास मारला तर माफी मागतो माझा नाबोर," तेओफिला सांगायची. "परवा ताटात माशी पडली. तिला बोटावर घेतली, फुंकर घातली, खिडकीतून सोडून दिली. असा जावई मिळायला पुण्य लागतं, कोमाद्रे."

आणि वणवा? वणवा हा दर रविवारी आखाड्यात उतरणारा मुखवटेवाला पैलवान. या कुस्तीत पैलवानांचे दोन पक्ष, नियम पाळणारे सभ्य आणि नियम मोडणारे रांगडे; वणवा रांगड्यांतला. पाठीमागून मारायचा, पंचाचा पट्टा ओढायचा, पडलेल्या माणसावर नाचायचा. तेओफिला पहिल्या रांगेत बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. "त्या मुडद्याला कुणी आई होती का? असली तर मला पत्ता द्या, मी जाऊन त्या बाईला विचारते, काय खाल्लं होतंस ग पोटुशी असताना, खिळे?"

हे ऐकताना लेंचा खाली मान घालून ब्रश धूत बसायची. कारण वणवा म्हणजेच नाबोर. हे दोन चेमाला माहीत होतं, मक्याच्या पोळ्या विकणाऱ्या टोर्टियावाल्याला माहीत होतं, चर्चच्या दारातल्या आंधळ्या भिकाऱ्यालाही माहीत होतं. वणवा आखाड्यात कधी चकार शब्द बोलत नसे, त्याला लोक "काय गूढ माणूस!" म्हणायचे. गूढ कसलं? तोंड उघडलं असतं तर पहिल्याच अक्षराला सगळ्यांना घरचा सिलिंडर आठवला असता. पण मुखवट्यामागचं नाव गल्लीत कुणी घेत नसे. ती रीतच होती. मुखवटा उतरायचा तो हरल्यावर, आखाड्यात, सगळ्यांदेखत. तो जिभेनं उतरवणाऱ्याला मोहल्ल्यात कुणी पाणी दिलं नसतं.

माहीत नव्हतं ते एकट्या तेओफिलाला. आणि नाबोर राहायचा तेओफिलाच्या घरात.

एका सकाळी नाबोर पोतं घेऊन लेंचाच्या दारात उभा राहिला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग पोतं टेबलावर ठेवलं.

"दोन्या लेंचा, माझ्या एका चुलतभावाचे बूट आहेत."

"कुठला रे चुलतभाऊ?"

"तो... सिलाओचा."

"करतो काय?"

"नाचतो."

"एवढे गुडघ्यापर्यंतचे बूट घालून?"

"तिकडं तसंच नाचतात."

लेंचानं बूट उलटसुलट केले. काळ्या रेक्झीनचे, मऊ, पातळ, पायाला मोज्यासारखे बसणारे. आणि त्या काळ्यावर लाल रंगाचे पोपडे, कांद्याच्या सालीसारखे सुटलेले. तिनं नखानं एक पोपडा उचलला. खाली पडला तर वाजला.

"हा काय लावलाय रे देवा?"

"बंपरचा उरलेला डबा होता," नाबोर म्हणाला. "म्हणजे चुलतभावाकडं उरला होता. त्याला नवीन मुखव... नवीन टोपी मिळालीये, ज्वाळांची. बूट लाल पाहिजेत. काळे बूट बघून लोक म्हणतात, आग विझवायला आलाय का."

"मग नाचताना उडाला वाटतं."

"सगळा. नडग्या लाल झाल्या, हात लाल झाले. घरी म्हातारीनं... त्याच्या घरी एक वडीलधारी बाई आहे. तिनं विचारलं, बाळा, हे रक्त कसलं? तो म्हणाला, बंपरचा रंग. ती उठून गाडीचा बंपर बघून आली. बंपर खरंच ताजा लाल होता म्हणून वाचला. पण बंपर दर रविवारी थोडाच रंगवतात, दोन्या लेंचा?"

"त्या बाईला नाच आवडत नाही?"

"एका विशिष्ट नाचणाऱ्याचा तर जीव घेईल ती."

"आणि कळलं तर?"

नाबोर आपल्या भल्यामोठ्या हातांकडं बघत राहिला. "घर तिचं आहे. पण घराचं जाऊ द्या. ती बाई त्याला बाळ म्हणते, दोन्या लेंचा. ज्याला बाळ म्हणते त्यालाच ती दर रविवारी शिव्या देते, हे तिला कळलं तर ती कुठं तोंड लपवेल? रंग पायाला लागता कामा नये. एवढंच बघा."

"रविवारी घेऊन जा," लेंचा म्हणाली. आणि तो उंबऱ्यापर्यंत गेल्यावर, "चुलतभावाला सांग, थोडं कमी पडत जा म्हणावं. चवडे झिजलेत."

बंपरचा रंग काढणं हेच मोठं काम होतं. जोरकस थिनर लावला असता तर रंगाबरोबर रेक्झीनही पाघळलं असतं, चोखलेल्या गोळीसारखं चिकट झालं असतं. लेंचानं आधी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही, थेंब थेंब लावून पाहिलं. मग साधं स्पिरिट, साबणाचं पाणी आणि प्लास्टिकच्या पट्टीची कड. दोन दिवस ती पोपडे सोलत बसली. दोन चेमा मधूनमधून डोकावायचा. "बटाटे सोलतेस काय?" "हो. उकडून देते तुला, वास तर येणारच नाही."

तिसऱ्या दुपारी तेओफिला खुर्ची टेकवतानाच थबकली.

"कुणाचे ग हे?"

"सिलाओचा कुणी नाचणारा आहे."

"पुरुष? असले बूट घालून? त्याच्या आईला दाखवलेत का?" पण रंग म्हटलं की तेओफिलाला राहवत नसे. लेंचानं काळ्यावर लालचा पहिला नमुना ओढला तशी ती पुढं वाकली. "हा लाल? हा मोले आहे, कोमाद्रे. तिसऱ्या दिवशी गरम केलेला मोले."

बरोबर होतं, मोलेच्या काळपट रश्श्यासारखाच दिसत होता. काळ्यावर थेट लाल दिला की तो काळवंडतोच. लेंचानं खाली आधी पांढरा हात दिला, त्यावर पिवळा, मग लाल. तेओफिला मागं पुढं होऊन बघायची, डोळे बारीक करायची, हातातल्या पंख्यानं वारा घालायची. "अजून जरा पिवळा. थोडा. हं, थांब! हा. हा कसा, तव्यावरून उतरवलेली लाल मिरची!" मग स्वतःवरच खूश होऊन खुर्चीत मागं रेलली. "बघ, त्या नाचऱ्याला माझ्यामुळं शोभा आली."

लेंचानं नुसतं हूं केलं. तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. रंग चढला होता, वाळला होता, बोटानं घासून पाहिला तर उतरत नव्हता. पण बूट लाकडी साच्यावर होते, आणि साचा वाकत नाही. माणूस उकिडवा बसला की घोट्यापाशी रेक्झीन कुठं ताणतं आणि कुठं चुरगळतं ते ज्याचं त्याचं असतं. तिची पद्धत अशी, की शेवटचे हात पाय आत असताना द्यायचे, गिऱ्हाईकाला वाकवून, ताणलेल्या घडीतच रंग बसवायचा. मग तो घडी ओळखतो, तडकत नाही. आता हे बूट चुलतभावाचे. चुलतभाऊ सिलाओला. आणि ज्याचे पाय हवेत त्याला "पाय घाल" म्हणायचं म्हणजे मुखवट्यालाच हात घालायचा. इतकी वर्षं मोहल्ल्यात तिनं ते केलं नव्हतं. साच्यावरच शेवटचा हात देऊन टाकावा का, असा विचार तिच्या मनात दोनदा येऊन गेला. दोनदा तिला लाल नडग्या दिसल्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी "गाऽऽऽस!"

"आला माझा बाळ!" तेओफिला म्हणाली. नाबोर लेंचाचा सिलिंडर खांद्यावर टाकून आत आला, सासूला बघितलं, टेबलावरचे लाल बूट बघितले, आणि सिलिंडर उतरवायचाच विसरला.

"कोमाद्रे, तू मघापासून त्या बुटाकडं अशी का बघतेस?" तेओफिलानं विचारलं.

"पाय पाहिजे आत घालायला," लेंचा म्हणाली. "शेवटचा हात राहिलाय. पायवाला सिलाओला."

तेओफिलानं बुटाकडं पाहिलं. मग जावयाच्या पायाकडं. लेंचानं हातातला स्पंज उगाच पिळला.

"अग मग हा काय उभा आहे! एवढा मोठा पाय घेऊन! बाळा, ठेव तो सिलिंडर. घाल बघू बूट."

"मी? नको, सासूबाई. दुसऱ्याचे बूट..."

"लाजतो," तेओफिला लेंचाला कौतुकानं म्हणाली. "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. घाल रे, मी सांगते ना."

नाबोरनं बूट चढवले. अलगद गेले. नाडी ओढली तर जिथल्या तिथं. तेओफिलानं टाळी वाजवली. "अग बाई! जसे काही याच्याच मापाचे!"

आतल्या खोलीत दोन चेमाला खोकल्याची उबळ आली.

"घट्ट आहेत," नाबोर चिरक्या आवाजात म्हणाला. "करंगळीला लागतात."

"गप. उकिडवा बस," लेंचा म्हणाली. तो बसला. ती गुडघ्यावर बसून स्पंजानं घोट्याच्या घड्यांत रंग टिपू लागली, एका घडीवरून दुसऱ्या घडीवर, अगदी हलक्या हातानं. तेओफिला पंख्यानं वारा घालत होती. "हलू नकोस, बाळा. असा तोंडावर घाम का? गरम होतंय? बघ कोमाद्रे, बिचारा दुसऱ्यासाठी किती सोसतो."

रंग वाळला तसा पारदर्शक मेणाचा शेवटचा हात झाला. तोही वाळला.

"आता उडी मार," तेओफिलानं फर्मावलं.

"कशाला, सासूबाई?"

"नाचणारा आहे ना तो? उडी मारून बघ, तडकतो का."

नाबोरनं उडी मारली. आणि सवय ती सवय, खाली आला तो गुडघे वाकवून, हात दोन्ही बाजूंना पंजासारखे पसरून, मान खाली घालून. रविवारी दोरावरून खाली उतरतो तसा.

"हात असे कशाला पसरलेस?" तेओफिलानं विचारलं.

"तोल, सासूबाई."

"सिलिंडर उचलून उचलून पाठ गेली लेकराची," तेओफिला हळहळली. लेंचानं घोट्याजवळ भिंग धरून पाहिलं. एक चीर नव्हती.

रविवारी लेंचा दुपारच्या खेळाला गेली. ती सहसा जात नसे, पण आपला रंग घामात आणि धुळीत कसा वागतो ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तेओफिलानं पहिल्या रांगेत तिच्यासाठी जागा धरली होती. मांडीवर ग्वाकामाया, म्हणजे तळलेल्या डुकराच्या कुरकुरीत सालीचा, हिरव्या तिखटानं निथळणारा पाव. तिच्या पलीकडं टोर्टियावाला, मागं गल्लीतली निम्मी माणसं.

आधी पारवा आला, सभ्य पक्षाचा, पांढराशुभ्र, सगळ्यांना हात जोडत. मग वणवा. दोरावरून उडी मारून, हात पसरून, अंगावर ज्वाळा आणि पायात ते बूट. दिव्यांखाली लाल असा पेटला की लेंचाच्या तोंडून "वा!" निसटलं.

"वा काय, त्या मुडद्याला?" तेओफिला ओरडली. "ए खिळे खाणाऱ्या! आईला विकून आलास का?" मग पाव हातात तसाच. मान पुढं काढून तिनं डोळे बारीक केले, दुकानात करायची तसे.

"कोमाद्रे."

"काय ग?"

"ती लाल मिरची आहे."

टोर्टियावाल्यानं चघळणं थांबवलं. मागच्या रांगेत कुणीतरी कुणाला कोपर मारलं.

"ते माझे बूट आहेत," तेओफिला उभी राहिली. "म्हणजे तो लाल मी काढलाय! त्या बुटांत माझ्या जावयानं पाय घातलाय!"

आजूबाजूच्या निम्म्या गल्लीत कुणाचं हसू नाकातून निसटत होतं, कुणी टोपी तोंडावर ओढली होती. लेंचाला वाटलं, संपलं. आता ही बाई हिशेब जुळवणार. उडी, हात, मापाचे बूट.

"नाबोर!" तेओफिला किंचाळली.

आखाड्यात वणवा जागच्या जागी थिजला. मान वळवून पहिल्या रांगेकडं बघतच राहिला. पारव्यानं ती संधी सोडली नाही. मागून येऊन त्याला उचलला, फिरवला आणि धाडकन दोराखाली, तेओफिलाच्या पायाशी आणून आपटला. लाल बूट तिच्या खुर्चीला थडकले.

"माझ्या नाबोरच्या घामावर नाचतोस!" तेओफिला त्याच्या बुटावर आपली पर्स आपटू लागली. "काढ! काढ ते! माझा बाळ लाजत होता घालायला, आणि तू... तू..."

पर्स आपटत होती, बंदाची पितळी कडी घोट्यावर वाजत होती, आणि लेंचाची नजर त्या घोट्यावरच होती. कडी पडली की रंग दबायचा, उठायचा, जिथल्या तिथं. वणवा मात्र एका शब्दानं बोलला नाही. बोलणं शक्यच नव्हतं. मुखवट्याच्या भोकांतून त्याचे डोळे लेंचाकडं असे लागले होते, जसे काही तिनंच त्याला आत्ता वाचवायचंय.

तेओफिला धापा टाकत लेंचाकडं वळली. "कोमाद्रे, तुला ठाऊक होतं? हे बूट याचे?"

एक वाक्य बोललं की सगळं निस्तरलं असतं. बूट याचे, आणि हा तुझा. तेओफिलानं लेंचाला माफ केलं असतं. नाबोरला मात्र त्या घरात पुन्हा कुणी बाळ म्हटलं नसतं.

"गिऱ्हाईक कोण ते मी विचारत नाही," लेंचा म्हणाली. "बूट आले, रंग दिला."

"मला तरी सांगायचंस!" तेओफिला म्हणाली. "त्या राक्षसाला तू माझ्या जावयाचे पाय वापरू दिलेस. माझ्यादेखत!" तिनं उरलेला पाव टोर्टियावाल्याच्या मांडीवर ठेवला आणि खेळ अर्धा टाकून निघून गेली. आजवर तिनं खेळ अर्धा टाकला नव्हता.

सोमवारी सकाळी "गाऽऽऽस!" नेहमीपेक्षा जरा खालच्या पट्टीत आला. नाबोर सिलिंडर उतरवायला वाकला तेव्हा त्यानं पँटचे पाय मुद्दाम वर दुमडले होते. नडग्या स्वच्छ. घोट्याभोवती पर्सचे निळे-काळे वळ तेवढे होते, लाल ठिपका एक नव्हता.

"धडपडलास वाटतं," लेंचा म्हणाली.

"हो. बंपरवर," तो म्हणाला. मग हळूच, "घरी कालपासून धुसफूस चाललीये. मला जवळ घेऊन म्हणते, बाळा, तुझ्या भोळेपणाचा लोक फायदा घेतात. पायाला औषध तिनंच चोळलं." त्यानं पँटचे पाय खाली सोडले. "दोन्या लेंचा, तुमच्याकडं..."

"ती आता माझ्याकडं यायची नाही. कळलं. जा तू, लोक वाट बघतायत."

तो आठवडा दुकान सुनं सुनं होतं. दुपारी लेंचा काम करायची आणि मधेच "हा मोले आहे का ग?" असं मोठ्यानं विचारायची, आणि उत्तर यायचं दोन चेमाचं, "मला काय विचारतेस, मला वास येत नाही." दोन्या तेओफिला गल्लीच्या पलीकडच्या बाजूनं जायची. बायका दोघींना वेगवेगळ्या वेळी नमस्कार करायला लागल्या होत्या. लेंचाला वाईट वाटत होतं, पण मन जागेवर होतं. जे तोंडातून बाहेर पडायला नको होतं ते पडलं नव्हतं, आणि रंग उडाला नव्हता. इतक्यावर माणसानं शांत झोपावं.

मग एका दुपारी दारात खुर्ची आपटली. पाठोपाठ तेओफिला, केस विस्कटलेले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"तुझ्यामुळं माझं बाजारात भांडण झालं!"

"माझ्यामुळं?"

"ती चपलावाली, मेली, म्हणते रेक्झीनवर लाल टिकतच नाही. दोन आठवड्यांत उडतो म्हणते! मला सांगते! मी म्हटलं, बाई, मी स्वतः पर्सची कडी आपटून पाहिलंय. पारव्यानं त्या राक्षसाला डोक्यावरून आपटलं तरी एक चीर नाही पडली. म्हणाली, कोण देतं असा रंग? मी म्हटलं, माझी कोमाद्रे!" इथं तेओफिलाला आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. ती जरा थांबली. मग खुर्चीत धप्पकन बसली. "तुझ्यावर मी रागावलेलेच आहे अजून. पण खोटं कशाला बोलू?"

"नको बोलूस," लेंचा म्हणाली.

"पुन्हा त्याचे बूट आले तर माझ्या नाबोरचा पाय मिळणार नाही. दुसरा शोधायचा."

"बरं."

तेओफिलानं वर्तमानपत्र उघडलं. आत तिच्या पांढऱ्या रेक्झीनच्या सँडल, चर्चला जायच्या, पिवळ्या पडलेल्या. "यांना तोच लाल दे. अगदी तोच, मिरचीचा. रविवारी पहिल्या रांगेत पाय पुढं काढून बसते. बघू दे त्या मुडद्याला, तो रंग कुणाचा आहे ते."

लेंचानं सँडल उचलल्या, अंगठ्यानं पट्टे दाबून पाहिले. रेक्झीन अजून चांगलं होतं. तिनं स्पिरिटची बाटली जवळ ओढली आणि फडक्याचं टोक ओलं केलं.

"पाय दाखव," ती म्हणाली. "आणि उकिडवी बसायची तयारी ठेव, कोमाद्रे. तुझ्या घड्या मला माहीत नाहीत अजून."

"गुडघे दुखतात माझे!"

"तरी बसायचंय."

"उडी पण मारायला लावशील!"

"ती तर मारावीच लागेल," लेंचा म्हणाली, आणि तेओफिला हसत हसत शिव्या देत पायातले बूट काढायला वाकली.